हेलेनामावशी, हक्काने माग

ती. हेलेनामावशीस,
सा. न. वि. वि.

नातं आधी सांगून टाकतो. पत्र उघडं आहे, चारचौघं वाचणार, आणि त्यांतल्या पुष्कळांना प्रश्न पडणार की दक्षिण अटलांटिकमधलं, आफ्रिकेच्या किनाऱ्यापासून सुमारे 1,900 किलोमीटर दूरचं, उण्यापुऱ्या 122 चौरस किलोमीटरांचं हे बेट या गृहस्थाची मावशी कधीपासून झालं. हिशेब सरळ आहे. ईस्ट इंडिया कंपनीने सेंट हेलेना ताब्यात घेतलं 1659 मध्ये आणि मुंबई 1668 मध्ये. मुंबई आमची आई. तिच्या नऊ वर्षं आधी तू कंपनीच्या घरात आलीस, म्हणून तू थोरली मावशी. हिंदुस्थानातून माल भरून निघालेली कंपनीची जहाजं केपला वळसा घालून तुझ्या दाराशी थांबायची, गोडं पाणी आणि ताजा भाजीपाला घ्यायची, एकमेकांची वाट पाहायची आणि मग ताफ्याने इंग्लंडकडे निघायची. आमच्या सुरत-मुंबईचं कापड लंडनला पोचायचं ते तुझ्या ओसरीवर टेकूनच.

त्याही आधीची ओळख आहे. तुझ्या मातीत कायमचा राहायला आलेला पहिला ज्ञात माणूस आमच्या गोव्याहून आला होता. फर्नाव लोपेस हा पोर्तुगीज शिपाई आदिलशाही बाजूला जाऊन मिळाला, 1512 मध्ये बाणस्तारीला सापडला आणि पोर्तुगीज गव्हर्नर आल्बुकर्कने त्याचे नाक, कान, उजवा हात आणि डाव्या हाताचा अंगठा तोडायला लावले. पुढे पोर्तुगालला परत जाताना तो तुझ्या किनाऱ्यावर उतरला तो पुन्हा जहाजावर चढलाच नाही. मध्ये एकदा लिस्बनला आणि रोमला जाऊन आला, पण परत आला तो तुझ्याकडेच, आणि 1545 मध्ये तिथेच गेला. इकडे आमच्या लोकांनाही हे फारसं ठाऊक नाही. एकट्या माणसाला तू जागा दिलीस याचे आभार राहून गेले होते, ते आज मानतो.

इकडे सर्व क्षेम आहे. तुझी खुशाली अधूनमधून कळते. गुगलची समुद्राखालची केबल 2021 मध्ये तुझ्या किनाऱ्याला लागली आणि 2023 मध्ये सुरू झाली, त्यामुळे उपग्रहाच्या महागड्या, सावकाश जोडणीतून तुझी पोरं सुटली. ज्या बेटावर मोबाइल फोनच 2015 मध्ये आला, तिथे आता व्हिडिओ कॉलवर आजी-नातवंडं बोलतात याचा आनंद मोठा आहे. गव्हर्नरच्या प्लांटेशन हाउसच्या हिरवळीवरचा जोनाथन कासव 1882 मध्ये तुझ्याकडे आला तेव्हाच चांगला मोठा होता. त्याच्यापायी तुझं नाव शाळकरी मुलांनाही माहीत होतं. नेपोलियनची तर गोष्टच नको. सहा वर्षांहून कमी राहिला, 1821 मध्ये वारला, 1840 मध्ये त्याचा देहही फ्रान्सला गेला, तरी जगाला तुझी ओळख अजून त्याच्याच नावाने. त्याचं लाँगवुडचं घर आणि मूळ कबर फ्रान्सने 1858 मध्ये विकत घेतली आणि आजही नीट सांभाळली आहे. हे मी मुद्दाम लिहितो आहे. ज्यांचा तुझ्याशी संबंध एका कैद्यापुरता, त्यांनी तो दीडशे वर्षांहून अधिक काळ न चुकता जपला. आणि ज्यांचा तुझ्याशी साडेतीनशे वर्षांचा संसार, त्यांनी कसा जपला, त्याचाच आज विषय काढायचा आहे.

त्यासाठी तुझी सनद काढतो. डचांनी तुला घेतलं आणि मे 1673 मध्ये इंग्रजांनी परत मिळवलं. प्रॉस्परस बेच्या बाजूने उभ्या कड्यांवरून सैनिक वर चढले, आणि त्यांना वाट दाखवली ती ऑलिव्हर नावाच्या एका काळ्या गुलामाने. त्याला बक्षीस म्हणून स्वातंत्र्य आणि जमीन मिळाली. त्या सैनिकांचा म्होरक्या होता रिचर्ड केग्विन. तो काही काळ तुझा गव्हर्नर झाला. हे नाव आमच्या ओळखीचं आहे, मावशी. हाच केग्विन पुढे मुंबईला आला, 1679 मध्ये खांदेरीच्या पाण्यात शिवाजी महाराजांच्या आरमाराशी लढला, आणि खांदेरी मराठ्यांकडेच राहिली. त्यानेच डिसेंबर 1683 मध्ये मुंबईत कंपनीविरुद्ध बंड केलं. कंपनी आमचे पगार मारते, आम्ही राजाचे लोक आहोत, कंपनीचे नाही, असं म्हणून त्याने राजाच्या नावाने जवळजवळ वर्षभर मुंबई चालवली, संभाजी महाराजांशी तहही केला. 1684 मध्ये तुझ्याकडेही कंपनीच्या कारभाराविरुद्ध लोक उठले, आणि तिथे मात्र फासावर चढवले गेले. मधल्या व्यापाऱ्याला बाजूला सारून थेट राजाकडे दाद मागायची ही तुम्हा दोघी बहिणींची जुनी सवय.

तर त्या 1673 च्या डिसेंबरात दुसऱ्या चार्ल्सने तुझ्या लोकांना सनद दिली. तुझ्यावर राहणाऱ्या प्रजेला आणि त्यांच्या मुलाबाळांना, ती जणू इंग्लंडातच जन्मली आणि राहिली असावीत असे सगळे हक्क, असा तिचा आशय. त्या वेळचे गुलाम त्यात नव्हते हे मी विसरलेलो नाही. पण पुढे गोरे वसाहतवाले, आफ्रिकेतून आणि मादागास्करहून आणलेले गुलाम, हिंदुस्थानातून आणलेली माणसं, 1810 नंतरचे चिनी मजूर, या सगळ्यांचं मिळून जे एक माणूस तयार झालं, जे स्वतःला अभिमानाने 'सेंट' म्हणवतं, त्याने ती सनद आपली मानली. तुझे मूळ रहिवासी असे कुणी नव्हतेच. सगळेच आणलेले किंवा आलेले. त्यामुळे ब्रिटन हा तुझ्या लोकांना बाहेरचा वाटलाच नाही. त्यांना दुसरी मायभूमी नव्हती. लंडनने हे एवढं एकच कधी समजून घेतलं नाही.

माझे वडील टपालखात्यात सॉर्टर होते. घरी तिकिटांची वही होती, आणि तीत तुझं एक पान होतं. राणीचा चेहरा, खाली तुझं नाव, आणि चित्रात बहुतेक वेळा जहाज. मी तुला ओळखतो तो त्या पानापासून. वडील सांगायचे की इतक्या छोट्या जागेचं टपाल चालू राहावं म्हणून कुठल्यातरी जहाजाला हजारो मैल वाकडी वाट करून जावं लागतं, आणि तरी 1856 पासून तिचं स्वतःचं तिकीट आहे. हे सांगताना त्यांच्या आवाजात आदर असायचा. पत्रांचे गठ्ठे सुतळीने बांधण्यात त्यांची हयात गेली. उजव्या हाताच्या तर्जनीवर सुतळीचा घट्टा होता. म्हणून तुझ्या सुतळीची हकीकत मी पहिल्यांदा वाचली तेव्हा ती मला कुठल्या दूरच्या उद्योगाची वाटली नाही.

ती हकीकत इथे लिहितो, कारण तुझ्या आणि ब्रिटनच्या नात्याचा इतका स्पष्ट पुरावा दुसरा नाही. न्यूझीलंडहून आणलेलं फ्लॅक्सचं झाड, घायपातासारखी लांब टोकदार पाती असलेलं, तुझ्या उंच, धुक्याच्या डोंगरांवर लावलं गेलं. 1907 पासून गिरण्या नीट चालू लागल्या. बायाबापड्यांनी आणि पुरुषांनी पाती कापायची, मोळ्या बांधून गाढवांवर घालायच्या, गिरणीत यंत्राखाली पात्यांचा हिरवा गर खरवडून काढायचा, उरलेला तंतू धुऊन उन्हात वाळत घालायचा. मग त्याचे दोर आणि सुतळी. आणि ही सुतळी जायची कुठे? मोठा भाग ब्रिटनच्या टपालखात्यात. लंडनच्या, लीड्सच्या, ग्लासगोच्या टपालघरांत पत्रांचे गठ्ठे आणि पिशव्यांची तोंडं तुझ्या डोंगरावरच्या तंतूने बांधली जायची. पन्नास-साठ वर्षं तुझी चूल त्यावर पेटत होती. 1966 मध्ये ब्रिटिश टपालखात्याने कृत्रिम धाग्याकडे वळायचं ठरवलं. स्वस्त पडत होतं, त्यात द्वेष नव्हता. पण एका खात्याच्या एका निर्णयाने तुझ्या शेवटच्या गिरण्या बंद पडल्या आणि एकमेव निर्यात संपली. ज्यांनी तो निर्णय घेतला त्यांच्यापैकी किती जणांना नकाशावर तुझ्यावर बोट ठेवता आलं असतं, याचा विचार मी पुष्कळदा केला आहे.

त्याची दुसरी बाजूही आहे. त्या फ्लॅक्ससाठी डोंगरमाथ्यावरचं मूळ जंगल तोडलं गेलं होतं. जगात दुसरीकडे कुठेच नसलेली झाडं, नेचे, किडे त्या धुक्याच्या रानात आहेत. तुझं ऑलिव्हचं झाड 2003 मध्ये कायमचं संपलं. आता ब्रिटनच्याच पैशातून ते फ्लॅक्स उपटून मूळ झाडं लावायचं काम चालू आहे, कारण त्या रानाच्या पानांवर धुकं थेंबाथेंबाने साठतं आणि तेच तुझं पिण्याचं पाणी होतं. ब्रिटनसाठी लावलं, ब्रिटनमुळे पडून राहिलं, ब्रिटनच्या मदतीने निघतं आहे. या मदतीबद्दल लंडनशी कृतघ्न व्हायचं माझ्या मनात नाही. ते काम चांगलं आहे आणि मनापासून करणारी माणसं तिथे आहेत. पण त्याला उपकार म्हणू नकोस, मावशी. ती जुनी देणी आहेत.

उपकार मानायच्या तुझ्या याच स्वभावावर माझा राग आहे. तुला सोडून जायची लंडनची 1966 ही काही पहिली वेळ नव्हती. 1834 मध्ये कंपनीकडून तू सरकारकडे गेलीस, पलटण हलली, नोकऱ्या गेल्या, कितीतरी कुटुंबं केपकडे निघून गेली. 1869 मध्ये सुएझचा कालवा उघडला आणि आमच्या मुंबईची भरभराट झाली, तीच गोष्ट तुझ्या मुळावर आली. 1855 मध्ये तुझ्याकडे 1,100 जहाजं लागली होती, 1889 मध्ये 288. बहिणीच्या घरी दिवाळी आणि तुझ्या घरी अंधार, आणि तू एक शब्द बोलली नाहीस. गुलामांची जहाजं पकडून ब्रिटिश आरमार माणसं तुझ्याकडे आणून सोडायचं. 1840 पासून पुढच्या काही दशकांत पंचवीस हजारांच्या आसपास आफ्रिकी माणसं तुझ्या रूपर्ट्स व्हॅलीत उतरवली गेली आणि त्यांतली हजारो तिथेच मेली. तू त्यांना माती दिलीस. दुसऱ्या महायुद्धात 22 ऑक्टोबर 1941 ला तुझ्या बंदरातच जर्मन पाणबुडीने 'डार्कडेल' हे तेलाचं जहाज बुडवलं, 41 माणसं गेली. झुलूंचा राजा दिनुझुलू, बोअर युद्धातले हजारो कैदी, 1950 च्या दशकात बहारीनहून आणलेले राजकीय कैदी, ज्यांना कुठे ठेवायचं हा प्रश्न पडला त्यांना लंडनने तुझ्याकडे पाठवलं. तू ठेवून घेतलंस. तुझं काम असलं की तू साम्राज्याची, आणि नसलं की तू लांबची.

आणि मग 1981. ही जखम वर काढतो, माफ कर. ब्रिटिश संसदेने नागरिकत्वाचा नवा कायदा केला, 1 जानेवारी 1983 पासून तो लागू झाला. हाँगकाँगचे लक्षावधी लोक एके दिवशी ब्रिटनला राहायला येतील ही त्यामागची मुख्य धास्ती. हाँगकाँगसाठी टाकलेल्या जाळ्यात तुझे पाच-साडेपाच हजार लोक अडकले. 1673 पासून जे इंग्लंडला घर म्हणत आले त्यांचा तिथे राहायचा हक्क एका कायद्याने गेला. पासपोर्टवर ब्रिटिश हा शब्द राहिला, पण त्याच्या जोरावर ब्रिटनमध्ये घर करता येईना, नोकरी धरता येईना.

कायदा होणं आणि लागू होणं यांच्या मधल्याच वर्षी, 1982 मध्ये, फॉकलंडचं युद्ध पेटलं. तुझ्यासाठी धान्य, औषधं, टपाल आणि माणसं आणणारं एकुलतं एक जहाज, पहिलं 'सेंट हेलेना', ब्रिटनने सुरुंग काढणाऱ्या नौकांच्या मदतीला म्हणून मागून नेलं. तुझ्या पोरांनी खलाशी म्हणून जायला नकार दिला नाही. युद्ध संपलं. फॉकलंडच्या लोकांना संपूर्ण ब्रिटिश नागरिकत्व देणारा स्वतंत्र कायदा 1983 मध्ये झाला. तुझं काय? तुझ्यावर कुणी चढाई केली नव्हती, तुझ्या शेजारी कुणी शत्रू नव्हता, म्हणून तुझी आठवणही झाली नाही. जहाज दिलंस, माणसं दिलीस, आणि दाराबाहेर तूच राहिलीस. हे वाचून मला आजही चीड येते.

पण इथेच मला तुझ्या लोकांचा अभिमानही वाटतो. बिशप जॉन रस्टन यांनी 1992 मध्ये नागरिकत्वासाठी आयोग उभा केला. त्यांनी घोषणा दिल्या नाहीत, ती 1673 ची सनद पुढे ठेवली. राजाने दिलेला शब्द मंत्री कसा परत घेतो, एवढाच त्यांचा प्रश्न होता. दहा वर्षं अर्ज, शिष्टमंडळं, लंडनला पत्रांवर पत्रं. 1997 मध्ये हाँगकाँग चीनकडे गेलं आणि धास्तीचं कारण संपलं. 1999 च्या श्वेतपत्रिकेत आश्वासन आलं आणि 21 मे 2002 ला नागरिकत्व परत मिळालं. पोर्तुगीज जुवांव द नोव्हा हिंदुस्थानातून परतताना 21 मे 1502 ला तुला भेटला असं मानतात. बरोबर पाचशे वर्षांनी. त्या दिवशी तू आनंद केलास, आणि करायलाच हवा होतास. पण तू आभारही मानलेस. घरातली वस्तू शेजाऱ्याने वीस वर्षांनी परत केली तर त्याचे इतके आभार मानतात का, मावशी?

नागरिकत्व परत मिळालं आणि दार उघडलं, तशी तुझी पोरं त्या दारातून गेली. दोष त्यांचा नाही. शेजारच्या असेन्शन बेटावरच्या तळावर आणि फॉकलंडमध्ये आधीपासूनच जात होती, आता स्विंडनला आणि आसपास ब्रिटनभर. आईबाप बाहेर कामाला, मुलं आजी-आजोबांजवळ, असं घर तुझ्याकडे नवं नाही. तिथल्या पगारावर तुझ्याकडची घरं उभी राहिली. उरलेली माणसं साडेचार हजारांच्या आत, आणि त्यांत केस पिकलेली जास्त. असेन्शनवर तर तुझ्या माणसांनी पिढ्यान्‌पिढ्या काम केलं, तिथे मुलं वाढली, तरी नोकरी संपली की बेट सोडायचं, तिथे राहायचा हक्क नाही. स्विंडनमध्ये रविवारी एखाद्या घरी मोठ्या पातेल्यात प्लो शिजतो, मांस, भाजी आणि मसाला घातलेला तुझ्याकडचा एकपातेली भात, आणि पुलावाचाच हा नातलग असावा असं मला वाटतं. त्याभोवती जमलेली तरुण माणसं परत यायचं बोलतात. बोलतात, पण परत येऊन करायचं काय, याचं उत्तर त्यांना कुणी दिलेलं नाही.

तुझं दुसरं 'सेंट हेलेना' जहाज गेलं त्याला आता बरीच वर्षं झाली. 1990 पासून फेब्रुवारी 2018 पर्यंत तेच तुझी दोरी होतं. केपटाऊनहून पाच दिवस. तुझ्या जेम्सटाउन शहरासमोर नांगर टाकायचं, कारण त्याला लागेल असा धक्का नव्हता. माणसं छोट्या होडीतून यायची, आणि लाटेने होडी वर उचलली की लटकत्या दोराला धरून दगडी पायरीवर पाऊल टाकायचं. म्हातारी माणसंसुद्धा हे करायची. माल पडावांवर उतरवायचा. जहाज लागलं की दुकानात बटाटे, कांदे, सफरचंदं यायची, आणि लांबलं की फळ्या रिकाम्या. त्याच्या जागी विमान हवं असं तू कितीतरी वर्षं मागत होतीस. ब्रिटनने 28.5 कोटी पौंड खर्चून प्रॉस्परस बेच्या माळावर, हो, ऑलिव्हरने जिथे वाट दाखवली त्याच बाजूला, एक अख्खी दरी भरून धावपट्टी बांधली. 2016 मध्ये उद्घाटन व्हायचं ते वाऱ्याच्या झोतांमुळे लांबलं, आणि लंडनच्या वर्तमानपत्रांनी तुझ्या विमानतळाला जगातला सगळ्यात निरुपयोगी ठरवून टाकलं. तेव्हा मला फार वाईट वाटलं. टीका करणाऱ्यांपैकी कुणाच्या घरात बाळंतपण अडलं नव्हतं, कुणाच्या आईला हृदयविकाराचा झटका आला असताना पाच दिवसांच्या समुद्रप्रवासाचा विचार करावा लागला नव्हता. 14 ऑक्टोबर 2017 ला जोहान्सबर्गहून पहिलं नियमित विमान उतरलं. त्याच्याही आधी रुग्ण नेणारं विमान उतरून गेलं होतं. 2020 मध्ये साथीच्या दिवसांत ब्रिटनहून खास विमानं औषधं आणि डॉक्टर घेऊन आली. निरुपयोगी म्हणणाऱ्यांनी ते शब्द मागे घेतल्याचं माझ्या वाचनात नाही.

धावपट्टीच्या कामासाठी रूपर्ट्स व्हॅलीत रस्ता काढताना त्या आफ्रिकी माणसांचे सांगाडे सापडले, तीनशेहून अधिक. त्यांना परत मातीत सन्मानाने ठेवायला 2022 उजाडलं. तिथे अजून हजारो आहेत. त्यांची नावं कुणी लिहून ठेवली नाहीत. जेम्सटाउनच्या कासलमध्ये कंपनीच्या काळापासूनचं दप्तर आहे. त्यात आमच्याकडून नेलेल्या माणसांचे उल्लेखही सापडतील. ते दप्तर जप. लंडनच्या इतिहासात तुझ्यावर एक प्रकरण असेल, पण तुझ्या माणसांचा इतिहास त्या कपाटांतच आहे.

आता मागणं. मी तुला त्रिस्तान दा कुन्हा बेटाची आठवण करून देतो. 1961 मध्ये तिथे ज्वालामुखी फुटला, सगळं गाव इंग्लंडला न्यावं लागलं. तू तेव्हा आपल्या शेजारणीसाठी मदतीची तिकिटं काढलीस. ती आठवड्यातच मागे घेतली गेली, पूर्ण संच विकले गेले अवघे 434. माझ्या वहीत ती नाहीत आणि कधी असणारही नाहीत. इंग्लंडमध्ये त्या लोकांना घरं मिळाली, कारखान्यात काम मिळालं, आणि सरकारला वाटलं की आता हे इथेच राहतील. 1962 मध्ये मत घेतलं तर परत जायच्या बाजूने 148 आणि विरोधात 5. 1963 मध्ये बहुतेक सगळे परत गेले. ब्रिटनशी नातं म्हणजे ब्रिटनमध्ये जाऊन राहणं नव्हे, हे त्यांनी मतपेटीतून सांगितलं. आपल्या बेटावर राहूनही ब्रिटिश असता यावं, एवढंच त्यांना हवं होतं. तुलाही तेच हवं आहे. मग ते तसं स्पष्ट सांग.

फ्रान्सकडे बघ. कॅनडाच्या किनाऱ्यालगत सेंट पियर आणि मिकलॉन ही त्यांची बेटं, वस्ती सहा हजारांच्या आत, तुझ्यापेक्षा थोडीशीच जास्त. त्यांचा एक खासदार आणि एक सिनेटर पॅरिसच्या सभागृहांत बसतो. तुझा वेस्टमिन्स्टरमध्ये कुणी नाही. तुझ्या खर्चाचा मोठा भाग लंडनहून येतो, तुझा गव्हर्नर लंडनहून येतो, तुझ्या नागरिकत्वाचं काय करायचं ते लंडन ठरवतं, आणि ठरवणाऱ्या सभागृहात तुझ्या नावाने उभं राहणारं एकही माणूस निवडून जात नाही. 1981 मध्ये एक जरी माणूस त्या बाकावर असता, तर हाँगकाँगच्या नावाखाली तुझा हक्क इतक्या सहज गेला नसता अशी माझी खात्री आहे. वर्षातून एकदा लंडनला मंत्र्यांची आणि सगळ्या सागरपार प्रदेशांच्या नेत्यांची बैठक होते. 2021 पासून तुझी स्वतःची मुख्यमंत्री-पद्धत आहे, म्हणजे तुझ्याच माणसाने बोलायचं असतं. तिथे अनुदानाच्या आकड्यावर वाद होतील, ते होऊ देत. पण विमानाच्या फेऱ्या, भाडं, मालाचं जहाज आणि रुग्णांची सोय ही दरवर्षी नव्याने मागायची गोष्ट राहू नये, हे लिहून घे. स्विंडनहून परतू पाहणाऱ्या पोरांसाठी तिथल्या पेन्शनची, शिक्षणाची, घराच्या कर्जाची गणितं बेटावर येऊनही जुळावीत, हे माग. तुझ्याकडे आता केबल आहे, तिच्यावर बसून लंडनचं काम जेम्सटाउनमधून होऊ शकतं, तेव्हा तशा नोकऱ्या दे म्हण. दया नको, नागरिकांना मिळतं ते मिळू दे.

आणि वेस्टमिन्स्टरच्या बाकावरची ती एक जागा. त्रिस्तानला, असेन्शनला, फॉकलंडला, सगळ्यांना बरोबर घेऊन ती माग. नाही म्हणतील. तुझे लोक एका सनदेसाठी वीस वर्षं थांबले, त्यांना नकाराची सवय आहे. फक्त या वेळी आभाराच्या पत्राने सुरुवात करू नकोस.

कळावे. लोभ आहेच, तो वाढावा ही विनंती.

तुझा,
मुंबईचा भाचा